भुतांच्या पार्टीचा भाजीपाला: कामाच्या नोंदी

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल भाऊबीज झाली. डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा, चार करंज्या आणि कुणी हात लावत नाही असे रव्याचे लाडू उरलेत. सोसायटीतल्या मुलांनी ३१ तारखेला हॅलोविनची 'भुतांची पार्टी' ठरवली आहे. क्लबहाउस, संध्याकाळी सहा, मुलं पस्तीस, वय तीन ते बारा. खाण्याचं खातं माझ्या गळ्यात आलं, कारण ग्रुपवर "आता परत तळलेलं आणि गोड नको" असं लिहिणारा मीच.

आधीच ठरलेल्या अटी: प्रत्येक पदार्थात भाजी दिसली पाहिजे, पिठात लपवून फसवायचं नाही. एका मुलाला शेंगदाणे, बदाम, काजू चालत नाहीत, म्हणून ते पूर्ण बाद. आणि चातुर्मास अजून संपलेला नाही, पंढरपूरची कार्तिकी रविवारी, २ तारखेला. दोन घरांत तोवर कांदा, लसूण, वांगं बंद. माझी सगळी आखणी वांग्यावर होती. काळंकुट्ट, चकचकीत, वर काटेरी टोपी, त्याच्याइतकी भुताळी भाजी बाजारात दुसरी नाही. गेलं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात आईला गाठून विचारलं, दिवाळी झाली नाही तोच घरात भुतं कशाला? आई म्हणाली, "परवा दारात कारीट चिरडून नरकासुर मारलाच की. आता पोरांनी गाजराची हडळ चावून खाल्ली तर काय बिघडलं?" काकू हसल्या. बहुतेक परवानगी मिळाली.

नावं आपलीच ठेवायची असं लेकीनं ठरवलंय: हडळीची बोटं, खविसाचे डोळे, मुंज्याचा सापळा. ममी मात्र ममीच.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी मंडई. काळी द्राक्षं डोळ्यांसाठी हवी होती. ऑक्टोबरात द्राक्षं शोधणाऱ्याकडे फळवाल्या बाई जशा बघतात तसं बघून झालं. नाशिकचा माल जानेवारीनंतर. लाल गावठी गाजरंही थंडी पडल्यावर येतील, सध्या नारिंगी गाजरं. आपल्या कामाला तीच बरी.

रंगीत भोपळी मिरची २४० रुपये किलो. गोल, बुटक्या, चार पायांवर सरळ उभ्या राहतील अशा निवडून घ्या. लांबट मिरची कोरली की आडवी पडते. पिवळ्या नि नारिंगी घेतल्या, लाल दोनच.

अख्खा लाल भोपळा मागितल्यावर भाजीवाल्याने सुरी खाली ठेवून विचारलं, "फोड नको?" नको. पाच किलोचा मिळाला, ३० रुपये किलोने. घरी आल्यावर आई म्हणाली, आपल्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बायका घालत नाहीत, तूच घाल. घातला. सुरी अर्ध्यात अडकली.

आपला भोपळा कोरण्यासाठी जन्मलेला नाही. चपटा, खोल शिरांचा, आणि गर चार-पाच सेंटिमीटर जाड. चित्रांतला अमेरिकन भोपळा पातळ सालीचा आणि आतून पोकळ असतो. तसं पाहिलं तर ही प्रथा भोपळ्याची नव्हतीच. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरायचे, तिकडून माणसं अमेरिकेत गेली तेव्हा भोपळा हाताशी आला. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका कोरलेल्या सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. तिचा चेहरा बघितला तर भोपळा अगदीच गोजिरवाणा वाटतो.

काम कसं जमलं ते सांगतो. झाकण सुरी तिरकी धरून कापायचं, म्हणजे ते आत पडत नाही. मग तोंड कोरण्याची घाई न करता पुढच्या बाजूचा गर आतून चमच्याने खरवडत दोनेक सेंटिमीटरवर आणायचा. स्टीलचा जाड चमचा लागतो, माझा एक वाकला. डोळे-दात सुरीने नाही, लाकूडकामाच्या बारीक पात्याच्या करवतीने कापले. दुपार गेली.

बिया टाकू नका. धुऊन, चोळून, फडक्यावर पसरून ठेवल्यात. बदाम चालत नसल्यामुळे हडळीची नखं याच बियांची.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस रंगांचा. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, म्हणून जरा सविस्तर.

पहिला बेत: रक्ताळलेल्या इडल्या. रव्याच्या पिठात बिटाचा रस घातला, पीठ बघून लेक नाचायला लागली. गुलाबी नाही, चांगलं गडद रक्त. शेवटी एक चमचा फ्रूट सॉल्ट घातलं, फसफसलं, साच्यात ओतलं, बारा मिनिटं वाफवलं. झाकण काढलं तर इडल्या पिवळट तपकिरी. मळक्या मोज्यांचा रंग.

बिटाचा लाल रंग आंबट पदार्थात टिकतो, सोड्यात मरतो, आणि फार वेळ उष्णता लागली तरी फिका पडतो. मी त्याला सोडा आणि वाफ दोन्ही दिलं. मग आंबवलेल्या पिठात, सोडा न घालता, वर लिंबू पिळून करून पाहिलं. रंग राहिला, पण फिकट गुलाबी, वाढदिवसाच्या केकसारखा. भूत घाबरणार नाही. बिटाच्या इडल्या रद्द. बीट फक्त थंड पदार्थात वापरायचं, हा निर्णय पक्का.

मग बिटाचं 'रक्त'. बीट सालासकट आणि देठाचा तुकडा ठेवून कुकरला लावायचं. आधी चिरलं तर अर्धा रंग पाण्यात जातो. गार झाल्यावर साल काढून, किसून, चक्क्याबरोबर मिक्सरला. साधं दही घालून पाहिलं होतं, ते तासाभरात पाणी सोडतं आणि वाटीत रक्ताऐवजी गुलाबी ताक दिसतं. म्हणून दही चार तास टांगून ठेवाच. लिंबू, मीठ, चिमूटभर साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आईने चव बघून काही न बोलता वर तूप-जिऱ्याची फोडणी ओतली. लसणीची उणीव तिथेच भरून निघाली.

पालकाचं गणित बरोबर उलटं. हिरवी 'दलदल' करताना सवयीने त्यातही लिंबू पिळलं. वाटलं तेव्हा हिरवीगार होती, संध्याकाळपर्यंत फौजी गणवेशाच्या रंगाची झाली. आंबट लागलं की पालकाचा हिरवा रंग शेवाळी होतो. तेव्हा एकाच दिवशी दोन वाट्या करायच्या असतील तर लक्षात ठेवा: बिटात लिंबू आधी, पालकात अगदी वाढताना. पालक उघड्या भांड्यात, भरपूर उकळत्या पाण्यात मिनिटभर, झाकण न ठेवता. लगेच बर्फाच्या पाण्यात. घट्ट पिळून पुदिना, कोथिंबीर आणि दोन मुठी डाळं घालून वाटायचा. डाळ्यामुळे दाटपणा येतो आणि गाजर त्यात उभं राहतं. मिरची अर्धीच.

काळ्या रंगासाठी कुणी तरी ग्रुपवर खाण्याचा कोळसा सुचवला. तो पोटात औषधंही शोषून घेतो, आणि कुणाचं मूल कशावर आहे मला काय माहीत. काळे तीळ पुरेत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिस. रात्री फक्त भेंडी. हडळीची बोटं भेंडीची करायची होती: देठाकडचं टोक नखासारखं, आत मसाला, ओव्हनमध्ये कुरकुरीत. निघाली तेव्हा उत्तम. जेवणं उरकून परत गेलो तर सगळी बोटं माना टाकून पडलेली. घरी लगेच खायची असेल तर जरूर करा. पार्टीला नाही.

बोटं गाजराची, कच्ची.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ममी. बेबी कॉर्नला कणकेच्या पट्ट्या गुंडाळून भाजायच्या. ऐकायला सोपं.

पहिल्या खेपेला पट्ट्या सुटल्या. कॉर्न उकडून तसाच ओला गुंडाळला होता, आतल्या पाण्याने कणीक भिजली आणि ओव्हनमध्ये वाफेने पट्टी उचलली गेली. दुसरं, गुंडाळताना मी पट्टी ताणत होतो. ताणलेली कणीक भाजताना आखडते आणि तुटते. ममीच्या कमरेला भेगा.

आता जमलेली रीत. दोन वाट्या कणीक, चमचाभर ओवा, मीठ, दोन चमचे तेल, पुरीला भिजवतो त्याहून थोडी मऊ. अर्धा तास झाकून. बेबी कॉर्न आडवे अर्धे करून मिठाच्या पाण्यात तीन मिनिटं, मग फडक्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडे. चाट मसाला घातलेल्या कोरड्या बेसनात घोळवायचे. हे बेसन उरलंसुरलं पाणी पितं. पोळी पातळ लाटायची आणि पट्ट्या कापायच्या कातणाने. दिवाळीनंतर ते ओट्यावरच पडलेलं होतं, नाहीतर मला सुचलं नसतं. नागमोडी कडेमुळे फाटक्या पट्टीचं रूप आपोआप येतं, सुरीने सरळ कापलेली पट्टी पॅकिंग केल्यासारखी दिसते. रुंदी परकराच्या नाडीएवढी. खालून सुरुवात, न ताणता, थोडी तिरकी आणि वेडीवाकडी, वर डोळ्यांपुरती फट, शेवटचं टोक पाण्याचं बोट लावून दाबायचं. वरून तेलाचा हात. २०० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून.

डोळ्यांना मिरी लावली होती. लेकीच्या मैत्रिणीने चव घ्यायला म्हणून पहिली ममी उचलली आणि थेट डोक्याकडून चावली. पाणी, गूळ, रडारड. आता भाजून झाल्यावर चक्क्याचे दोन ठिपके आणि त्यावर एकेक काळा तीळ. दिसायलाही जास्त बावळट नि छान.

माझ्या ओव्हनच्या ट्रेत एका वेळी वीस बसतात. सत्तर ममी म्हणजे चार खेपा, दीड तास धरा. बेबी कॉर्नची २०० ग्रॅमची तीन पाकिटं पुरली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

भोपळ्याला आतून पांढरी लव आली. हवा दमट, शनिवारी कोरून ठेवलेला भोपळा शुक्रवारपर्यंत टिकेल ही अपेक्षाच चुकीची. कोरायचा असेल तर आदल्या रात्री. शनिवारी काढलेला गर निदान वाया गेला नाही. आईने घारगे करू का विचारलं, गोडाचं नाव ऐकून बायकोने हात जोडले, मग भरीत झालं. आता शोभेला भोपळी मिरच्याच.

आजची खरी कमाई जांभळी कोबी. पाव गड्डा बारीक चिरून वर उकळतं पाणी ओतलं, दहा मिनिटांनी गाळलं. गडद निळं-जांभळं पाणी. त्यात लिंबाचे थेंब पडले की झटक्यात गुलाबी. मुलांना उभं करून हे दाखवायचं आणि मग प्यायला द्यायचं, असा बेत.

वास ही अडचण. कोबी गॅसवर उकळत ठेवली तर पाण्याला शिजलेल्या कोबीचा वास येतो आणि सरबत कुणी तोंडाला लावत नाही. नुसतं भिजवलं तर कमी, तरीही जाणवतो. उपाय लेकीला सापडला: पाण्याचा बर्फ करायचा. निळा खडा लिंबाच्या सरबतात टाकला की वितळत वितळत गुलाबी धागे सुटतात, आणि गार असल्यामुळे वास लागत नाही. ग्लास पारदर्शक हवेत, स्टीलचे पेले उपयोगाचे नाहीत. सोडा घालून अजून निळं करता येतं, पण चव साबणासारखी होते. नको.

३० ऑक्टोबर, गुरुवार

उद्या सुट्टी टाकली आहे. आज रात्री काय उरकायचं आणि कशाला उद्यापर्यंत हात लावायचा नाही, यावर सगळं अवलंबून.

आज: दही टांगलं, बीट उकडून फ्रिजमध्ये, कोबीचा बर्फ दोन ट्रे, कणीक नाही पण बेबी कॉर्न उकडून कोरडे करून डब्यात, इडलीचं पीठ आंबायला. गाजरं सोलून बोटाएवढी कापली आणि पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये. पाण्यात गाजर उलट जास्त कडक होतं. भोपळ्याच्या बिया मंद आचेवर भाजल्या.

काकडी, भोपळी मिरची आणि पालक उद्याच.

सापळ्याची रंगीत तालीम मोठ्या परातीत करून पाहिली. पाठीचा कणा काकडीच्या चकत्यांचा, डोकं म्हणजे चक्क्याची वाटी. बरगड्या मुळ्याच्या केल्या होत्या, हाडासारख्या पांढऱ्याशुभ्र. पण परात उघडताच मुळ्याने खोलीचा ताबा घेतला. त्याजागी नवलकोल: रंग तोच, चव गोडसर, वास नाही. मुलांना कच्चा नवलकोल बहुधा माहीत नसतो, त्यामुळे नाकही मुरडत नाहीत.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी इडल्या. मिनी साच्यात, पिठात किसून पिळलेला दुधी. पिळलेलं पाणी पीठ सैल करायला वापरलं. वर गाजराची पातळ कडी आणि मध्ये काळी मनुका. बाटलीतले ऑलिव्ह लावून पाहिले होते, खारटपणामुळे मुलं थुंकतात. खविसाच्या डोळ्यांत बिटाच्या रसाने लाल शिरा काढल्या, काडीने. अर्ध्या तासात रस पसरला आणि शिरांऐवजी सगळा डोळाच लालसर झाला. रात्रभर जागलेला खवीस. तसाच ठेवला, आधीपेक्षा चांगला दिसत होता.

दुपारी ममी. चारला भोपळी मिरच्या: वरची टोपी कापून, बिया काढून, टोकदार सुरीने डोळे-तोंड. आत काकडी-गाजराच्या काड्या, केस उभे राहिल्यासारख्या. पाचला काकडी कापली. मीठ अजिबात लावलं नाही, नाहीतर सापळा पाण्यात पोहला असता. प्रत्येक काकडीचं टोक चाखून घेतलं, दोन कडू निघाल्या. पाच वाजून चाळीसला पालक वाटला, लिंबू क्लबहाउसमध्ये पिळलं.

तीन-चार वर्षांच्या मुलांची ताटली वेगळी. कच्चं गाजर आणि गोल चकत्या घशात अडकू शकतात, म्हणून त्यांची बोटं वाफवलेली आणि लांब उभी चिरलेली, नखं नाहीत. टूथपिक कुठेच वापरली नाही. अंधारात, मुखवटे घालून धावणाऱ्या पोरांच्या हातात टोकदार काड्या कशाला.

काय झालं ते असं. ममी पंधरा मिनिटांत संपल्या. गाजराची बोटं दलदलीत बुडवून, नख आधी कुरतडून, मग बोट, अशी व्यवस्थित खाल्ली गेली. गंमत म्हणजे त्याच गाजराच्या साध्या काड्या मिरच्यांमध्ये तशाच उरल्या. सापळ्याच्या बरगड्या गेल्या, कणा गेला, पाय कुणी खाल्ले नाहीत. फ्लॉवरचा अख्खा 'मेंदू' हौसेने भाजून, बिटाच्या पाण्याने माखून मधोमध ठेवला होता (आधी हळद-मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून, अळ्यांची भुतं नकोत). त्याला सगळ्यांनी बोटं लावली, फोटो काढले, खाल्ला एकानेही नाही. पुढच्या खेपेला तुरे सुटे करून देईन, अख्ख्या गड्ड्यातून तोडून घ्यायला मुलांना जमत नाही.

सरबताला रांग लागली. गुलाबी झालेला ग्लास पिऊन परत निळा खडा मागत होती. दोन ट्रे कमी पडले, चार हवे होते.

'खवीस म्हणजे कोण' यावर वाद झाला. शेवटी आईला खुर्ची दिली. तिने पिंपळावरच्या मुंज्याची आणि रात्री वाट चुकवणाऱ्या चकव्याची गोष्ट सांगितली, कोकणातल्या तिच्या माहेरची. तेवढा वेळ एकही मूल उठलं नाही, आणि ऐकता ऐकता इडल्यांचं ताट रिकामं झालं. हे आधी ठरवून करायला हवं होतं. मुलं धावत असतात तोवर खात नाहीत.

१ नोव्हेंबर, शनिवार

खर्च: भोपळी मिरच्या ३९०, बेबी कॉर्न १५०, भोपळा १५०, दही ३२०, बाकी गाजर, काकडी, बीट, पालक, कोबी, नवलकोल, फ्लॉवर, लिंबं मिळून ७४०, पारदर्शक ग्लास भाड्याने १००. एकूण १,८५०. तालमींचा माल यात धरला नाही, तो आम्हीच आठवडाभर खाल्ला. वर्गणीतले उरलेले परत केले.

फ्लॉवरच्या मेंदूची आज बटाटा घालून भाजी झाली. रंग अजून गुलाबी आहे. बायकोने डोळे मिटून खाल्ली.

सकाळी साडेसातला एका आईचा घाबरलेला फोन: मुलाला लघवी लाल होतेय. बीट भरपूर खाल्लं की काही जणांना होते, एक-दोन दिवसांत आपोआप थांबते, हे समजावलं. नंतर टिकून राहिली किंवा दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, असंही सांगितलं. दहा मिनिटांत दुसरा फोन आला. मग ग्रुपवरच टाकलं. हे वाचून कुणी बिटाचं रक्त करणार असाल, तर हा निरोप पार्टीच्या आदल्या दिवशी पाठवा.